आफिया नावाची भट्टी

मेकनेस, मोरोक्को, ४ शाबान

व्याही अबू मुन्झिर यांस,

बेरदाईन दरवाजाजवळच्या गल्लीतून अल-मक्कीचा सलाम.

तुम्ही मला पाहिलेलं नाही, मीही तुम्हाला पाहिलेलं नाही. आपल्या पोरांनी तुर्कस्तानात मर्सिनला परस्पर लग्न लावून घेतलं आणि आपण दोघे म्हातारे घरबसल्या व्याही झालो. व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारायची, जेवणाच्या पंगतीत उगाच थोडं रुसायचं, मग कुणीतरी येऊन समजूत काढायची, ते सगळं आपलं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र लांबलं तर तो माझा तेव्हाचा शिल्लक रुसवा समजा.

पत्र मी हातानं लिहितोय आणि त्याचा फोटो काढून तुमच्या भगिनी उम्म नबील यांच्या फोनवर धाडणार आहे. तुम्हाला बारीक अक्षर दिसेनासं झालंय असं त्या म्हणाल्या. काळजी नको, मी ठळकच लिहितो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बारीक लिहायची सवयच नाही. शाळेत फार दिवस बसलो नाही. अक्षरं शिकलो ती लोकांच्या दारांवरून. त्यामुळे कुठे चुकलं तर उम्म नबील वाचताना सांभाळून घेतील.

तुमची लेक सौसन खुशाल आहे. मी तुम्हाला लिहितोय हे तिला माहीत नाही. कळलं तर कमरेवर हात ठेवून म्हणेल, "अम्मो, तुम्हाला कुणी सांगितला होता हा उद्योग?"

तर कारण असं. आमच्या घराच्या तळमजल्यावर माझं रंगाचं दुकान होतं. हात थरथरायला लागल्यावर ते मी वाढवलं. आता तिथे सौसन भट्टी घालते आहे. तुमच्या सीरियाकडची पातळ रोटी, खजूर भरलेली बिस्किटं, झातरचा मसाला लावलेली गरम भाकर. रमजानच्या आधी दुकान उघडायचं असं ठरलं आहे. आमचा अनवार मालगाडी घेऊन महिन्यातले निम्मे दिवस अगादीरच्या वाटेवर असतो, तेव्हा भिंती मीच खरवडल्या, चुना तिनं लावला.

पाटी कोण रंगवणार, हा प्रश्नच नव्हता. मी विचारलं, "नाव काय ठेवणार, पोरी?"

म्हणाली, "आफिया."

तुमच्या हिम्समधल्या भट्टीचं नाव. तुमच्या वडिलांनी ठेवलेलं. भट्टीची आता एक भिंत उभी आहे आणि तुमचा मुलगा मुन्झिर उरला नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर मी काही लिहीत नाही.

मी लगेच फळी रंगवायला घेतली असती, पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली ही, की नाव तुमचं आहे. लग्न करून ती इकडे निघाली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "जायचं तर जा. नाव इथंच राहील." त्यानंतर तुम्ही तिच्याशी बोललेला नाहीत. तिनं हे मला भांडी घासता घासता सांगितलं, डोळ्यांत पाणी न आणता. ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय मी कुणाच्याही दारावर लिहिलेलं नाही. म्हणून विचारतोय. लिहू का?

दुसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. तुमच्याकडे आफिया म्हणजे अंगातलं बळ, बरेपण, सुखरूपपणा. आमच्याकडे आफिया म्हणजे आग.

थट्टा करत नाही, व्याहीबुवा. शब्द तोच, अक्षरंही तीच. पण आमच्या इथे चूल पेटली की म्हणतात आफिया पेटली, आणि एखाद्याला शिव्याशाप द्यायचे तर म्हणतात, तुझ्या घराला आफिया लागो. माझी बायको, लल्ला झहूर, भाजी निवडत होती. नाव ऐकलं आणि तिच्या हातातला कांदा घरंगळत थेट भिंतीशी गेला.

"दारावर आग लिहिणार? आणि वर झोपणार कोण? आपण!"

"खाला, आमच्याकडे त्याचा अर्थ..." सौसन समजावू लागली.

"तुमच्याकडचा अर्थ तुमच्याकडे. इथं त्या अर्थानं भांडं तापतं."

मी म्हटलं, "अगं, भट्टीत आगच असते ना?"

"आत असते, सी मक्की. दारावर कुणी टांगत नाही."

उत्तराची वाट पाहतो. एक शब्द लिहिलात तरी पुरे.

तुमचा व्याही,
अल-मक्की

मेकनेस, १२ शाबान

व्याही अबू मुन्झिर यांस, सलाम.

उत्तर आलं नाही. उम्म नबील म्हणाल्या, "नाव इथंच राहील" या वाक्यापर्यंत तुम्ही ऐकलंत आणि उठून गच्चीवर गेलात. पुढचं त्यांनी रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं. तेव्हा आगीचं तुम्हाला ठाऊकच नसेल. त्यांना म्हटलं, पुन्हा वाचा, आणि या वेळी गच्चीवरच जाऊन वाचा. आज हेही तिथंच वाचा म्हणून सांगतो.

तुम्ही बोलत नाही, म्हणून मी नावांविषयी थोडं बोलतो. त्या विषयात माझा जन्म गेला.

लोक माझ्याकडे नुसती पाटी करून घ्यायला येत नसत, नाव मागायला येत. लेकराला नाव ठेवायला इमामाकडे आणि दुकानाला नाव ठेवायला मक्कीकडे, असं गल्लीत म्हणायचे. मला तरी कुठे काही कळत होतं? पण पाट्या रंगवता रंगवता ध्यानात यायला लागलं. नाव रस्त्याच्या पलीकडून हाक मारता येईल असं हवं. माल साधा असेल तर नाव भारी ठेवू नये, नाहीतर गिऱ्हाईक दारातूनच बिचकून परततं. पोराला निरोप देऊन दुकानात धाडलं तर वाटेत नाव सांडता कामा नये. एकानं कोंबड्यांच्या दुकानाला 'साम्राज्य' नाव ठेवलं. मी नको म्हणत होतो. लोक त्याला सम्राट म्हणून हाक मारायला लागले, आणि हा बिचारा हातात पिसं घेऊन बाहेर यायचा. समोरच्या बा जिलाली शिंप्यानं ऐन तारुण्यात 'पॅरिस' लिहून घेतलं. आजवर एकही माणूस पॅरिसला जातो म्हणाला नाही; सगळे जिलालीकडेच जातात.

म्हणजे पाटीवर आपण काहीही लिहावं, शेवटी ठेवायचं ते नाव गल्ली ठेवते. आणि गल्लीला हे नाव झेपत नाहीये.

सौसन कचेरीत नाव राखून ठेवायला गेली होती, मी सोबत होतो. कारकुनानं कागद दोनदा वाचला. वर पाहून म्हणाला, "बेकरी आहे की अग्निशमन दल?" मग यंत्रात शोधून म्हणाला, "नाव मोकळं आहे. मोकळं नसून जातंय कुठे, घेणार कोण!" रांगेतली माणसं हसली. सौसनही हसली. घरी आल्यावर तिनं नमाजाची चटई अंथरली आणि बराच वेळ उठली नाही.

झहूरनं तिला सगळं नीट समजावलं, रागानं नाही. आमच्यात म्हणे जुन्या बायका आगीचं खरं नाव घेत नसत. ते घेतलं की जहन्नम आठवतं, आणि आगीलाही आपलं नाव ऐकून जोर चढतो. म्हणून तिला गोड नावानं हाक मारायची, बरेपण म्हणायचं, म्हणजे ती चुलीत शहाण्यासारखी बसते. कोळशालाही याच कारणानं कित्येक घरांत पांढरा म्हणतात. ऐकता ऐकता मला वाटलं, व्याहीबुवा, की शब्द मुळात तुमचाच आहे. आमच्या आज्यांनी तो भीतीपोटी आगीच्या अंगावर पांघरूण म्हणून घातला आणि मग पांघरूण कुणी काढलंच नाही.

तरी पांघरुणाखाली आगच ना. म्हणून मी तोडगा काढला. तुमच्याकडे ज्याला आफिया म्हणतात त्याला आम्ही सेह्हा म्हणतो. जेवायला बसलेल्याला, न्हाऊन आलेल्याला, नवा कपडा घातलेल्याला, सगळ्यांना आम्ही सेह्हा म्हणतो. मी सौसनला म्हटलं, "तुझ्या बाबांच्या नावाचा अर्थच आपण ठेवू. फक्त कपडे इथले घालू. भट्टी सेह्हा. झहूर खूश, गल्ली खूश."

ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अम्मो, अनवार म्हणजे काय?"

"उजेड. पुष्कळ उजेड."

"मी त्याला रस्त्यात 'ए उजेड' अशी हाक मारली, तर वळून बघेल तो?"

झहूर आतून म्हणाली, "वळणार नाही, पण पळूनही जाणार नाही!"

सौसन हसली नाही. म्हणाली, "बाबा पहाटे भट्टीचं दार उघडायचे तेव्हा आधी नाव घ्यायचे, मग दार. मला अर्थ नको अम्मो. मला तो आवाज हवा."

तर आता सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही 'हो' म्हणालात तर झहूरला मी सांभाळीन, गल्लीला ती सांभाळेल. 'नाही' म्हणालात तर मी सौसनला सांगेन, आणि ती ऐकेल. तुम्ही काहीच म्हणत नाही, त्यामुळे फळी कोरीच पडून आहे.

अल-मक्की

मेकनेस, २० शाबान

अबू मुन्झिर यांस,

आज थोडंच लिहितो.

काल भट्टी पहिल्यांदा पेटवून पाहिली. आच चांगली धरते. सुरुवातीला थोडा धूर झाला, नवं काम म्हटल्यावर होणारच. लोक जमले होते. आता सगळं ठीक आहे.

सौसन बरी आहे. कालपासून झहूर तिला काही करू देत नाही, सूप करून भरवते आहे. लाड चाललेत.

गच्चीवर पत्र वाचायची युक्ती लागू पडली असं उम्म नबील सांगत होत्या. तुम्ही शेवटपर्यंत बसलात म्हणे, सम्राटाच्या गोष्टीला नाकातून आवाजही केलात. मला बरं वाटलं. उत्तर मात्र दिलं नाहीत.

अल-मक्की

मेकनेस, २३ शाबान

व्याहीबुवा,

उम्म नबील यांनी काल फोनवर मला धारेवर धरलं. "भाऊजी, सूप भरवतात ते कुणाला? जिला स्वतःच्या हातानं जेवता येत नाही तिला. काय झालंय माझ्या पोरीला?" त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही. तुमच्यापुढेही चालू नये, म्हणून आता नीट सांगतो. थोडा धूर लिहिलं होतं. धूर थोडा नव्हता, आणि नुसता धूरही नव्हता.

भट्टीच्या मागच्या बाजूला पिठाची रिकामी पोती रचलेली होती. ती हलवायची राहिली. भट्टी तापल्यावर पोत्यांनी पेट घेतला. सौसन तेव्हा पुढच्या बाजूला फळ्या पुसत होती, मागचं तिला दिसत नव्हतं. मी झहूरबरोबर वरच्या मजल्यावर होतो. समोरून जिलालीनं बाजूच्या खिडकीतून बाहेर आलेली ज्वाळ पाहिली. हातातला झब्बा टाकून तो रस्त्यात आला आणि ओरडला. आमच्याकडे आग लागली की जे ओरडतात तेच ओरडला.

"आफिया! आफिया!"

मग पुदिनेवाला ओरडला. मग नळावरच्या बायका. सगळी गल्ली एका सुरात ओरडत होती, आफिया, आफिया.

तुमची लेक इथे आल्याला दोन वर्षं झाली. या शब्दाचा अर्थ इथे काय होतो हे तिला पाठ आहे, त्यावरून महिनाभर आमच्याकडे रणं माजली आहेत. पण कानाला कुठे कळतं, आपण कोणत्या गावात आहोत? भट्टी पहिल्यांदा पेटली आहे, दारासमोर माणसं जमली आहेत, आणि सगळी तिच्या बापाच्या भट्टीचं नाव घेताहेत. ती दारात आली. मी वरून पाहिलं, व्याहीबुवा. ती छातीवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांकडे पाहून हसली. मान लववून आभार मानले तिनं. तिला वाटलं गल्लीनं नाव मान्य केलं.

लोक हातवारे करत होते, ती आणखी हसत होती. शेवटी जिलालीनं तिला दंडाला धरून फिरवलं तेव्हा तिनं मागे पाहिलं. मग बाहेर पळायचं सोडून ती आत गेली. पोती ओढून बाहेर काढली, उजव्या हातानं. हात कोपरापर्यंत भाजला आहे. डॉक्टर म्हणतात बोटं वाचली, कातडी भरून येईल, वेळ लागेल. घर वाचलं. भट्टीला काही झालं नाही, एक भिंत काळी पडली.

जिलाली दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होता. "मी दुसरा कुठला शब्द ओरडायला हवा होता, सी मक्की? मला दुसरा शब्द येतच नाही."

मला वाटलं होतं झहूर म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? एक अक्षर बोलली नाही. रात्रंदिवस पोरीच्या उशाशी आहे. अनवार अगादीरहून अर्ध्या वाटेतून परत आला.

पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीनं घाबरा झाला आहे. काल सौसननं मला बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अम्मो, सेह्हा लिहून टाका. नाहीतर काहीच लिहू नका. मला सगळं एकच."

तिला पटवायला मी काय काय बोललो होतो! आणि आता ती हो म्हणाली तर माझ्याच्यानं होईना. फळी घेऊन बसलो, सेह्हाचं पहिलं अक्षर, साद, काढलं. हात चांगला चालत होता, थरथरसुद्धा नव्हती. आणि पुढे जाताच येईना. टर्पेंटाइन लावून पुसून टाकलं. जे नाव कुणाला नकोय ते मी लोकांच्या दारावर पुष्कळ वेळा लिहिलं आहे, पोटासाठी. घरच्या दारावर लिहवेना.

दुकान उघडायचं की नाही, हेही ती आता बोलत नाही.

तेव्हा मी आता तुमच्याकडे नाव मागत नाही. ते तुमचं आहे, तुमच्यापाशीच ठेवा. तुम्ही हिम्समध्ये एका भिंतीजवळ ते राखत बसला आहात, त्यामागे काय दुःख आहे ते मी ओळखायचा प्रयत्न करतो, पुरतं ओळखू शकत नाही. माझा मुलगा जिवंत आहे. पण तुमची मुलगीही जिवंत आहे, अबू मुन्झिर. चार दिवसांपूर्वी ती थोडक्यात वाचली. तिला तुमचा आवाज ऐकवा. काय बोलायचं ते सुचत नसेल तर भट्टी कशी तापवायची यावर रागवा. पोती तिथे का ठेवलीस म्हणून ओरडा. काहीही चालेल.

अल-मक्की

मेकनेस, २९ शाबान

माझ्या व्याह्यांस,

आज संध्याकाळी गच्चीवर सगळे चंद्र शोधायला जमतील. त्याआधी हे लिहून टाकतो. तुम्ही स्वतः तिथे हजर होता, तरी तुमच्या बाजूनं फक्त फोन होता. आमच्या बाजूला काय घडलं ते तुम्हाला कळायला हवं.

शुक्रवारी उम्म नबील यांचा नेहमीसारखा फोन आला. सौसनचा हात बांधलेला, म्हणून झहूरनं फोन उशीवर टेकवून आवाज मोठा केला होता. मी दाराशी चहा गाळत होतो. मुद्दाम ऐकायला उभा नव्हतो, असं लिहिणार होतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मुद्दामच उभा होतो.

आत्याबाईंनी हाताची चौकशी केली, मलमाचं विचारलं. मग म्हणाल्या, "थांब हं, फोन जरा दुसऱ्याकडे देते." आणि मग काहीच नाही. कुणीतरी खुर्चीत सावरून बसल्याचा आवाज. श्वास. लांबवर एक मोटार गेली, तीही ऐकू आली.

पोरीनं ओळखलं. कसं ते विचारू नका, श्वासच होता फक्त. ती उठून बसली. झहूर पलंगाच्या कडेला ओढणीशी चाळा करत बसलेली, डोळे मिटून. अनवार उभाच. इतका वेळ गेला की मला वाटलं फोन तुटला असेल.

शेवटी सौसन म्हणाली, हळू, कामावरून आलेल्या माणसाला म्हणावं तसं: "अल्ला यातीक अल-आफिया, बाबा."

ही तुमच्याकडची रीत आमच्या घरात मला पहिल्यांदा नीट कळली. ती मला नंतर तिनं समजावली. राबणाऱ्या माणसाला तुमच्याकडे असं म्हणतात, देव तुम्हाला आफिया देवो. झाडूवाल्याला म्हणतात, हमालाला म्हणतात, भट्टीवाल्याला तर दिवसातून शंभरदा. आणि ज्याला म्हटलं त्यानं उत्तर द्यायचं असतं. भांडण असो, वैर असो, ते ऐकून गप्प बसलेला माणूस तुमच्या गावात कुणी पाहिलेला नाही. जिभेला विचार करायला वेळच मिळत नाही म्हणे, ती आपली आपण बोलून मोकळी होते.

तुमची जीभ बोलली, व्याहीबुवा. आम्ही चौघांनी ऐकलं.

"अल्ला याफीकी."

एवढंच. देव तुला आफिया देवो. आवाज बसका होता, मध्येच चिरला. मग लगेच फोन बंद झाला. उम्म नबील नंतर म्हणाल्या की तुम्ही फोन त्यांच्या मांडीवर टाकलात आणि गच्चीवर गेलात आणि या वेळी त्या मागे आल्या नाहीत. चांगलं केलं त्यांनी.

इकडे झहूर हमसून हमसून रडायला लागली. सौसन नाही. ती बांधलेल्या हाताकडे पाहत बसली होती. मी चहा पुढे केला आणि माझ्यातला पाटीवाला काही गप्प बसेना. म्हटलं, "पोरी, नावाचं विचारायचं होतंस. एवढी वेळ आली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तिला इतक्यात पाहिलेलं नाही म्हणून सांगतो, तिच्या डाव्या गालाला हसताना आधी सुरकुती पडते, मग हसू येतं.

"विचारायचं काय, अम्मो? दिली ना त्यांनी."

देव तुला आफिया देवो. खरंच की. याहून स्पष्ट कुणी कसं देणार? तुम्हाला ते म्हणायचं होतं की नव्हतं, ते तुम्ही आणि तुमची जीभ बघून घ्या. आमच्याकडे ते पोचलं आहे.

परवा मी फळी घेतली. खाली पांढरा, वर निळा. लिहिलं: भट्टी आफिया. आफियाचं पहिलं अक्षर ऐन, त्याचं तोंड उघडं असतं, हाक मारल्यासारखं. ते मी जरा मोठं काढलं. हात थरथरत होता, अक्षराच्या पोटात एके ठिकाणी रंग जाड झाला आहे. सौसन पुसू देईना.

जिलालीनं शिडी धरली. पाटी वर गेल्यावर तो खाली उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला आणि पहिल्याच अक्षराला थांबला. आजूबाजूला पाहिलं. मग कुजबुजत वाचलं. म्हणाला, "सी मक्की, हे नाव मी आता ओरडणार नाही. भाकर हवी असली तर येऊन उभा राहीन." गल्लीत हीच रीत पडेल असं दिसतंय. काल दुपारी दोन बायका आल्या, आणि नाव घेताना आवाज खाली गेला दोघींचा, मशिदीत बोलतात तसा. भट्टीचं नाव हळू आवाजात घेतात अशी दुसरी पाटी मी आयुष्यात रंगवलेली नाही. गिऱ्हाइकी कशी होईल देव जाणे. सौसन डाव्या हातानं पीठ मळते, अनवार आल्यापासून घरीच राहून तिचा उजवा हात झाला आहे, तिच्या शिव्या खातो आहे.

झहूर शेवटपर्यंत वरच होती. मला वाटलं, आता खाली येईल आणि गल्लीसमोर माझी शोभा करील. ती आली ती नळावरून, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेली बादली घेऊन. दाराच्या उजव्या अंगाला, बरोब्बर पाटीखाली, ती ठेवली. वर पाहिलं. अक्षर तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ पाहिलं.

"सी मक्की," ती म्हणाली, "तुमच्या व्याह्यांना लिहा, नाव त्यांचं. बादली माझी. दोन्ही इथून हलणार नाहीत."

लिहिलं.

अल-मक्की